मुलं कोड लिहितात, पण त्यांना तो वाचता येतो का?

आठवी ब, दुपारचा शेवटचा तास, लॅबमधले अर्धे पंखे बंद. मी फळ्यावर चार ओळी लिहिल्या आणि विचारलं, शेवटी स्क्रीनवर काय येईल?

क = ५
ख = क
क = ९
प्रिंट(ख)

"नऊऊऊ!" सगळा वर्ग एका सुरात. मी म्हटलं का रे, तर म्हणे "बाई, ख म्हणजेच क ना, मग क नऊ झाला तर ख पण नऊ". मागच्या बाकावरच्या एकाचं मत वेगळं, त्याच्या मते एरर येणार, कारण क मधला पाच ख मधे गेला म्हणजे क रिकामा झाला ना. बरोबर उत्तर पाच. ते देणारी मुलं अगदी मोजकी होती आणि तीसुद्धा घाबरत घाबरत.

आता गंमत बघा, याच मुलांनी आदल्या आठवड्यात सरळव्याजाचा प्रोग्रॅम लिहिला होता, चालवला होता, जर्नलमधे सुबक अक्षरात उतरवून माझी सही पण घेतली होती. म्हणजे प्रोग्रॅम "येत" होता. मी फळ्यावर लिहिला, त्यांनी टाइप केला, उत्तर आलं, संपलं. त्यात शिकणं किती आणि टायपिंग किती हे मी तोपर्यंत कधी तपासलंच नव्हतं, खरं सांगायचं तर.

(मधेच एक सांगते, पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत व्हेरिएबलला, म्हणजे आपण आकडा ज्यात ठेवतो त्याला, क, ख अशी देवनागरी नावं खरंच चालतात. आकडे आणि प्रिंट हा शब्द मात्र इंग्रजीतच टाइप करावा लागतो. मुलांना हे कळलं तेव्हा पुढचा अर्धा तास वर्गात "भोपळा = ५" असलेच प्रोग्रॅम चालू होते.)

तर मला वाटलं माझ्याच वर्गाचा प्रॉब्लेम आहे, किंवा माझा. मग शोधायला लागले तर कळलं की हा घोळ चांगला जुना आहे आणि त्यावर लोकांनी रीतसर अभ्यास करून ठेवलाय. बेनेडिक्ट ड्यू बुले नावाच्या ब्रिटनमधल्या संशोधकाने १९८६ मधे नवशिक्यांच्या अडचणींवर एक लेख लिहिला, त्यात हे बरोबरचं चिन्ह आहे, व्हेरिएबल म्हणजे डबा ही उपमा कुठे दगा देते ते आहे, सगळं आहे. डब्यातला लाडू काढून दुसऱ्या डब्यात ठेवला की पहिला डबा रिकामा होणारच, त्यामुळे त्या मागच्या बाकावरच्या पोराचं काहीच चुकलं नव्हतं, डब्याची उपमा मीच दिली होती! १९८६ ला मी स्वतः शाळेत होते हो. म्हणजे मी शिकवायला लागायच्या कितीतरी आधी हे कुणीतरी लिहून ठेवलेलं, आणि माझ्यापर्यंत आलंच नाही. बीएडला नाही, ट्रेनिंगला नाही, पाठ्यपुस्तकाच्या मागच्या पानावरसुद्धा नाही.

ड्यू बुले यांचा मुख्य मुद्दा असा की प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्या माणसाच्या डोक्यात कॉम्प्युटरचं एक चित्र असावं लागतं. खऱ्या चिपचं, सर्किटचं नाही, तर "ही ओळ आली की मशीन नेमकं काय करतं" याचं साधं चित्र, आपण त्याला डोक्यातलं मशीन म्हणू. शिक्षकाने ते मुद्दाम शिकवलं नाही तर मूल आपलं आपण काहीतरी बनवतं, आणि बहुतेक वेळा चुकीचं बनवतं. रॉय पी नावाच्या अमेरिकन संशोधकाने त्याच वर्षी म्हटलं की मुलांच्या खूपशा चुकांच्या मुळाशी एकच समजूत असते, कॉम्प्युटरच्या आत कुणीतरी शहाणा बसलाय आणि त्याला आपल्या मनातलं कळतं. व्हेरिएबलला "मोठा" असं नाव दिलं की त्यात आपोआप मोठी संख्याच जाणार असं मुलांना अगदी मनापासून वाटतं, तुमच्या वर्गात विचारून बघा.

मी आता डबा सोडलाय. ख = क म्हणजे फळ्यावरचा आकडा वहीत उतरवून घेणं, असं सांगते. उतरवला म्हणून फळा कोरा होत नाही, आणि नंतर फळा पुसून मी नऊ लिहिला तरी तुमच्या वहीतला पाच तसाच राहतो. पोरांना पटकन पटतं, कारण दिवसभर तेच करत असतात बिचारी.

हे झालं एका चुकीचं. पण खरा प्रश्न मोठा आहे, मुलांना लिहिता का येत नाही? यावर २००१ मधे एक खळबळजनक अभ्यास झाला. माइक मॅक्रॅकेन आणि सहकाऱ्यांनी चार विद्यापीठांतल्या २१६ विद्यार्थ्यांना, प्रोग्रॅमिंगचा पहिला कोर्स केलेल्या हं, एक छोटा प्रोग्रॅम लिहायला दिला. ११० पैकी सरासरी मार्क किती पडावेत? २२.८९. आपल्याकडे असा निकाल लागला असता तर ग्रेस मार्कांनीसुद्धा कुणी पास झालं नसतं. तेव्हा बऱ्याच जणांनी म्हटलं की मुलांना प्रॉब्लेम सोडवता येत नाही, विचार करता येत नाही वगैरे. नेहमीचंच.

पण २००४ मधे रेमंड लिस्टर आणि मंडळींनी वेगळा प्रश्न विचारला आणि मला तो फार आवडतो. त्यांनी लिहायला दिलंच नाही. सात देशांतल्या विद्यार्थ्यांना तयार कोडचे छोटे तुकडे दिले आणि बहुपर्यायी प्रश्न विचारले, हा कोड चालला तर काय होईल, किंवा इथे कुठली ओळ बसेल. बरीच मुलं तिथेच अडखळली! म्हणजे लिहिण्याचा, प्रॉब्लेम सोडवण्याचा प्रश्न नंतरचा, आधी दुसऱ्याने लिहिलेला सरळ साधा कोड ओळीओळीने वाचून काय होतंय तेच सांगता येत नाही. ज्याला वाचता येत नाही त्याला आपण निबंध लिही म्हणतोय.

भाषेच्या तासाला असं कुणी करत नाही ना. आधी ऐकणं, मग अक्षरओळख, मग वाचन, मग अनुलेखन, मग श्रुतलेखन, आणि माझी आई, माझा आवडता प्राणी वगैरे त्यानंतर. कॉम्प्युटरच्या तासाला मात्र पहिल्याच दिवशी "चला, प्रोग्रॅम लिहा". आणि नाही जमला की फळ्यावरून उतरवा.

इथपर्यंत संशोधनाचं काम ठीक झालं, रोग कळला. पण शिक्षकाला रोग कळून उपयोग काय, उद्या सकाळी पावणेआठला वर्गात जाऊन करायचं काय ते सांगा. संशोधन आणि वर्ग यांच्यातली दरी म्हणतात ती नेमकी इथे आहे. "विद्यार्थ्यांची कोड-आकलन क्षमता विकसित करणे आवश्यक आहे" या वाक्याने माझा तास भरत नाही.

ही दरी बुजवायचं एक चांगलं उदाहरण इंग्लंडमधलं आहे. तिथे आधी शाळेत आयसीटी नावाचा विषय होता, म्हणजे साधारण आपल्यासारखंच, वर्ड, एक्सेल, पॉवरपॉइंट. २०१२ मधे रॉयल सोसायटी या तिथल्या शास्त्रज्ञांच्या संस्थेने रिपोर्ट काढून सांगितलं की हे असं चालणार नाही, आणि सप्टेंबर २०१४ पासून पाच वर्षांच्या पोरांपासून कॉम्प्युटिंग हा नवा विषय आला, प्रोग्रॅमिंगसकट. काल टेबलला बॉर्डर द्यायला शिकवणाऱ्या शिक्षकांना आज लूप, म्हणजे त्याच ओळी पुन्हा पुन्हा चालवणं, शिकवा म्हणाले. काय धांदल उडाली असेल याची कल्पना आपल्याला कुणी द्यायची गरज नाही.

त्या धांदलीत शिक्षकांना ट्रेनिंग देणाऱ्या स्यू सेंटन्स, ज्या आधी स्वतः शाळेत शिकवायच्या, आणि त्यांच्याबरोबर जेन वेट यांनी मिळून तासाचा एक साचा बनवला. त्याचं नाव प्रिम. इंग्रजीतल्या पाच शब्दांची आद्याक्षरं आहेत, मी मराठीत सांगते: अंदाज, चालव, तपास, बदल, बनव.

सुरुवातीला मुलांना तयार, चालणारा प्रोग्रॅम द्यायचा. कॉम्प्युटर बंदच. जोडीने बसायचं, वाचायचं आणि काय होईल याचा अंदाज कागदावर लिहायचा. मग चालवून बघायचं, अंदाज बरोबर आला का. मग तपास, आणि इथेच तासाचा खरा जीव आहे, ही ओळ काढली तर काय होईल, या दोन ओळींची अदलाबदल केली तर, हा लूप किती वेळा फिरला, असल्या प्रश्नांनी प्रोग्रॅमचं पोस्टमॉर्टेम करायचं. मग त्याच प्रोग्रॅममधे छोटे छोटे बदल, आधी सोपे मग अवघड. आणि अगदी शेवटी स्वतःचा नवा प्रोग्रॅम. सगळं एकाच तासात झालं पाहिजे असं नाही, माझ्याकडे याला आरामात तीन तासिका जातात.

यात एक बारीक गोष्ट आहे जी मला सगळ्यात शहाणपणाची वाटते. पहिला प्रोग्रॅम मुलाचा नसतो, त्यामुळे तो चुकला तरी ते मूल चुकलं असं होत नाही. लाल अक्षरात एरर आली की काही मुलींचे चेहरे जे पडतात ना, ते दुसऱ्याच्या कोडवर पडत नाहीत. उलट "बाई हा कुणी लिहिलाय, किती वेडा आहे" असं ऐकायला मिळतं (मीच लिहिलेला असतो).

बरं, आधी अंदाज लिहायचा कशाला, सरळ चालवून बघूया की? मलाही हा वेळेचा अपव्यय वाटायचा. पण याचा पुरावा फिजिक्समधून आलाय. हार्वर्डमधे एरिक मझूर यांच्या गटाने २००४ मधे दाखवलं की वर्गात प्रयोग करून दाखवला आणि मुलांनी नुसता बघितला, तर समज वाढण्याच्या दृष्टीने तो न दाखवण्यासारखाच असतो. आधी काय होईल याचा अंदाज करायला लावला की फरक पडतो. आपल्या प्रयोगशाळेत सर टेबलाभोवती पन्नास मुलं गोळा करून लिटमस निळा-लाल करून दाखवायचे, आम्ही मान डोलवायचो, आठवतंय ना? तसंच.

आता हे प्रिम खरंच चालतं का? सेंटन्स, वेट आणि मारिया कालिया यांनी २०१९ मधे त्यावरचा अभ्यास छापला. ११ ते १४ वयाची ४९३ मुलं, ८ ते १२ आठवडे या पद्धतीने शिकली, आणि तुलनेसाठी दुसरी मुलं नेहमीसारखी शिकली. शेवटच्या चाचणीत प्रिमवाली मुलं पुढे निघाली. शिक्षकांनी सांगितलं की तासाला एक घडी बसते, मुलं एकमेकांशी बोलून शिकतात, आणि पुढे असलेल्या आणि मागे पडलेल्या दोन्ही मुलांना एकाच कोडवर वेगवेगळं काम देता येतं.

इथे थोडं थांबून हे वाचायचं कसं ते सांगते, कारण "संशोधनात सिद्ध झालंय" हे वाक्य आजकाल कोडिंग क्लासच्या जाहिरातीतपण असतं. पहिलं, दुसरा गट होता का? नसेल तर मुलं तुमच्या पद्धतीने शिकली की तीन महिने मोठी झाली म्हणून शिकली, कळायला मार्ग नाही. इथे होता. दुसरं, मुलं चिठ्ठ्या टाकून गटात वाटली होती का? इथे नव्हती, जो शिक्षक जी पद्धत घेऊन शिकवतोय त्याचा वर्ग त्या गटात. मग असंही म्हणता येईल की उत्साही शिक्षकच प्रिमकडे आले. म्हणून हा पुरावा चांगला आहे पण दगडावरची रेघ नाही. तिसरं, मोजलं काय? चाचणीतले मार्क. आवड वाढली का, दोन वर्षांनी टिकलं का, ते या चाचणीने कळत नाही.

जाहिरातींचा विषय निघालाच आहे तर, कोडिंग शिकलं की डोकं तल्लख होतं, नियोजन जमायला लागतं हा दावापण जुनाच. सेमूर पेपर्ट आणि सहकाऱ्यांनी १९६७ मधे मुलांसाठी लोगो भाषा केली, तीच ती कासव फिरवायची, आपल्यातल्या अनेकांनी शाळेत फिरवलंय. पुढे १९८४ मधे रॉय पी (हो, तेच) आणि मिडियन कर्लंड यांनी न्यूयॉर्कमधे तपासलं, तर वर्षभर लोगो केलेली मुलं नियोजनाच्या कामात इतरांपेक्षा काही पुढे नव्हती. म्हणून कोडिंग शिकवू नये असं नाही, पण कोडिंगमुळे गणित सुधारेल या आशेने फी भरली असेल तर जरा विचार करा.

प्रिमशिवाय अजून एक गोष्ट मी उचलली ती न्यूझीलंडमधून. २००६ मधे तिथल्या ओटागो पॉलिटेक्निकमधे डेल पार्सन्स आणि पॅट्रिशिया हेडन यांनी एक साधी युक्ती काढली, बरोबर प्रोग्रॅमच्या ओळी उलटसुलट करून द्यायच्या आणि मुलांनी त्या क्रमाने लावायच्या. त्यांनी ते कॉम्प्युटरवर केलं, मी कागदाच्या पट्ट्यांवर करते. क आणि ख ची अदलाबदल करायची असेल तर:

क = ख
ख = तात्पुरता
तात्पुरता = क
ख = क

यातली एक ओळ फसवी आहे, लागतच नाही, मुद्दाम घुसवलीय, कुठली ते तुम्हीच शोधा. २०१७ मधे बार्बरा एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी तपासलं तेव्हा पट्ट्या लावणाऱ्यांना, कोड लिहिणाऱ्या किंवा दुरुस्त करणाऱ्यांपेक्षा वेळ बराच कमी लागला आणि शिकणं साधारण तेवढंच झालं. माझ्यासाठी याचा अर्थ सरळ आहे. ५८ मुलं, चालू कॉम्प्युटर १४, म्हणजे एका माउसवर चार हात. पट्ट्यांना वीज लागत नाही. लाइट गेली तरी तास चालू राहतो. एका पाकिटातली पट्टी हरवली तर मात्र त्या गटाचा प्रोग्रॅम जन्मात पूर्ण होत नाही, हा अनुभवाचा बोल.

म्हणूनच परदेशातलं जसंच्या तसं उचलून चालत नाही आणि "ते तिकडे ठीक, आपल्याकडे कुठे" म्हणून सोडूनही चालत नाही. पवईलाच बघा ना. आयआयटी मुंबईत शैक्षणिक तंत्रज्ञानावर काम करणाऱ्या गटाने २०१३ मधे प्रोग्रॅमिंगच्या एका खूप मोठ्या वर्गात प्रयोग केला, आधी प्रत्येकाने एकट्याने विचार करायचा, मग शेजाऱ्याशी बोलायचं, मग वर्गासमोर मांडायचं. निरीक्षकांनी बसून नोंदी केल्या तर ८३ टक्के वेळा मुलं कामात गुंतलेली दिसली. कामात गुंतणं म्हणजे शिकणं नव्हे हे खरं, पण त्याशिवाय शिकणं सुरूही होत नाही. त्याच आयआयटीत प्राध्यापक श्रीधर अय्यर आणि त्यांच्या टीमने शाळेच्या मुलांसाठी कॉम्प्युटर मस्ती नावाची पुस्तकं केली. आणि एसीएम इंडिया या कॉम्प्युटर क्षेत्रातल्या लोकांच्या संघटनेने २०१६ मधे सीएसपाठशाला सुरू केली, त्यात कॉम्प्युटर नसतानाही कोडी, खेळ, कागद-पेन्सिल यावर तर्कशुद्ध विचार शिकवायचा प्रयत्न आहे. म्हणजे आपल्या अंगणात अगदीच काही नाही असं नाहीये.

मग अडतं कुठे? २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीत कोडिंग आणायचं लिहिलंय. काय शिकवायचं त्याची चर्चा सगळीकडे होते, कसं शिकवायचं यावर फारसं कुणी बोलत नाही. रिसर्च पेपर इंग्रजीत, तेसुद्धा आमच्यासारख्यांना झोप आणणाऱ्या इंग्रजीत, कित्येक पैसे भरल्याशिवाय उघडत नाहीत, आणि अभ्यास कुणावर केला तर कॉलेजच्या मुलांवर. इंग्लंडवाल्यांनी २०१८ मधे शिक्षकांसाठी राष्ट्रीय केंद्र उभं केलं, त्यासाठी ८ कोटी ४० लाख पौंड ठेवले, आणि त्यातून पद्धतींची दोन-दोन पानी टिपणं निघाली, एक पद्धत, तिच्यामागचा पुरावा, वर्गात कशी वापरायची, बास. शिक्षक चहा पिता पिता वाचेल एवढंच. मला त्या पौंडांपेक्षा दोन पानांचा जास्त हेवा वाटतो. मराठीत अशी दोन पानं करायला कितीसा खर्च येणार आहे?

आपल्याकडे रस्ते तयारच आहेत खरं तर. जिल्हा परिषदेच्या शाळांची केंद्राची, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाची, शिक्षण परिषद भरते. तिथे परिपत्रकं वाचण्यातला अर्धा तास काढून एका शिक्षकाने "मी हे करून बघितलं, हे जमलं, इथे फसलं" एवढं सांगितलं तरी खूप. आणि कृतिसंशोधन! बीएड केलेल्या प्रत्येकाने केलंय, म्हणजे सादर केलंय, कारण कॉलेजच्या बाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडे ते तयार मिळायचं, फक्त नाव आणि शाळा बदलायची. माझंही तसलंच होतं, आता लपवून काय करू. समस्या, गृहीतक, नियंत्रित गट, पूर्वचाचणी, उत्तरचाचणी, हे शब्द पाठ होते पण त्यांनी खरंच काही शोधता येतं हे डोक्यातच आलं नाही. आणि नियंत्रित गट तर आपल्या शाळेत आयताच असतो, तुकडी अ आणि तुकडी ब.

तर यंदा मी तेच केलं. आठवी अ ला लूप नेहमीसारखा, आठवी ब ला अंदाजापासून. दोघांना आधी तेच पाच प्रश्न, नंतर तेच पाच प्रश्न. निकाल सांगायला थोडी लाज वाटते, कारण चार प्रश्नांत ब पुढे आणि पाचव्यात दोन्ही तुकड्या सारख्याच आपटल्या. तो प्रश्न "जोपर्यंत"चा होता. जोपर्यंत क दहापेक्षा लहान आहे तोपर्यंत या तीन ओळी कर. मुलांना वाटतं क दहा झाला त्या क्षणी लूप थांबला, मधल्या ओळीवर असला तरी. प्रत्यक्षात उरलेल्या ओळी पूर्ण होतात आणि वर परत गेल्यावरच अट तपासली जाते. बोली मराठीतला जोपर्यंत तसा नसतोच, "पाऊस पडतोय तोपर्यंत आत थांब" म्हटलं की पाऊस थांबल्या थांबल्या पोरं बाहेर. अमेरिकन मुलांचा त्यांच्या इंग्रजी शब्दामुळे हाच गोंधळ होतो हे १९८० च्या दशकातच नोंदलं गेलंय, मराठीतल्या शब्दाने तो कमी होतो की वाढतो हे मात्र आपल्यालाच आपल्या वर्गात बघावं लागेल.

दोन तुकड्या, एकच शाळा, आणि शिकवणारी मीच, जिला ब पुढे यावी असं मनातून वाटत होतं. यावरून कुणी काही सिद्ध झालं म्हणू नये. म्हणून दिवाळीनंतर तुकड्या उलट करणार आहे, फंक्शनचा धडा अ ला अंदाजाने आणि ब ला नेहमीसारखा. आणि उत्तरपत्रिका मी तपासणार नाहीये, गणिताच्या सरांनी तपासून द्यायचं कबूल केलंय, नावं झाकून. पट्ट्या कापायला तेवढं कुणीतरी लागेल, गेल्या वेळी ५८ मुलांच्या पट्ट्या कापता कापता माझ्या कात्रीचा स्क्रू निघाला.